पाऊण तास, न हलवता

— नाही, नाही, ते पत्र आधी पर्समध्ये ठेवा, ताई. बसा. त्या स्टुलावर बसा, ते डुगडुगत नाही. माफीपत्र घ्यायचंच आहे मला, प्राचार्यांचा हुकूमच आहे — 'मी प्रॅक्टिकलला बाटलीतला पदार्थ चोरून दिला' असं मुलीनं लिहून दिलं, की पुढच्या महिन्यात तिला परत बसू देणार — पण आधी... पाणी हवंय? नको? बरं.

काय करायचं असतं ते सांगितलंय का तिनं? अवघड काही नाही हो. आम्ही मुलांना मळकट पूड देतो. ती उकळत्या पाण्यात विरघळवायची, गरम असतानाच गाळायची, कचरा कागदावर राहतो, आणि मग — मग काहीच करायचं नाही! हलवायचं नाही, ढवळायचं नाही. सावकाश गार होऊ दिलं की शुद्ध स्फटिक आपसूक धरतात. पण धीर कुणाला आहे? सगळे बर्फात बुडवतात, आणि हाती येतो भिजल्या कापसासारखा लगदा. तुमची मुलगी पाऊण तास हाताची घडी घालून बसली होती. मला वाटलं, हिला काही येत नाहीये. आणि शेवटी बघते तर काय — पांढरेशुभ्र, चकचकीत! किती अंशांवर वितळतात ते पाहिलं, तर बरोब्बर एकशे बावीस. पुस्तकात आहे तस्सं. चाळीस मुलांसमोर ओरडले मी, "कपाटातल्या बाटलीतलं तयार, शुद्ध घेतलंस ना?" ती म्हणाली, "नाही मॅडम." एवढंच. रडली पण नाही. म्हणून तर मला जास्तच चेव आला.

का ओरडले? चोराच्या मनात चांदणं, ताई. माझ्या परीक्षेत माझा — जाऊ दे, तीस वर्षं झाली — माझा लगदाच झाला होता. बाटलीतलं दिलं मी. पहिली आले. त्याच जोरावर ही नोकरी. तेव्हापासून कुणाचं नीट जमलं की वाटतं, यानंही तेच केलं असणार.

पण खरं सांगू? बाटलीत असते पिठासारखी भुकटी. तिच्या होत्या लांब लांब सुया, बोटाच्या पेराएवढ्या. बाटलीतून सुया कुठून येणार हो? शब्द तोंडातून गेला आणि त्याच क्षणी मला ते दिसलं. बाटली आणून शेजारी ठेवायची खोटी, तिथल्या तिथे निकाल लागला असता. मग काय केलं मी? — बेसिनमध्ये उपडं केलं सगळं. नळ सोडला. कुणी ताडून बघायला नको म्हणून. ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं, ताई.

लाज वाटते हो. तिच्या टेबलाजवळून जाववत नाही मला. आणि तिनं हे लिहून दिलं? तुम्ही लिहायला लावलंत? वर्ष तरी वाचेल म्हणून? — असं नका बघू माझ्याकडे. सांगणार आहे मी. आज, आत्ताच, सर येतीलच इतक्यात — निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत, पेन्शनचं काय होईल ते होवो, पण —

या सर, या. हो, याच तिच्या आई. पत्र? आणलंय ना त्यांनी. ... हो सर. मुलीनं... हो, कबूल केलंय सगळं.

द्या ते इकडे, ताई. सोडा ना हात. आणि निघा तुम्ही आता.