ध्यानाच्या लेखावर विकलं गेलेलं घड्याळ

ब्लॉगवरून कमाई म्हणता? मग आमच्या ह्यांचं ऐका. दक्षिणेत वेलचेरीला राहत असताना हे ध्यानधारणेवर लिहायचे आणि खाली पुस्तकाची लिंक द्यायचे. त्या लिंकवरून दुकानात शिरून कुणी काहीही घेतलं, तरी ह्यांना कमिशन मिळायचं. पहिलं कमिशन आलं, स्वारी खूश! मी बघितलं तर पुस्तकाचा पत्ताच नाही, विकलं होतं गजराचं घड्याळ. ह्यांचा चेहराच उतरला.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे तंजावरी राव चहाला आले, तेव्हा मी ही घड्याळाची गंमत सांगितली.

"सार, घड्याळ मीच घेतलं," राव म्हणाले. "पूर्वी झोपच येत नव्हती. आता रात्री तुमचा लेख वाचला की सकाळी उठवत नाही."

राव मनापासून म्हणाले, "रविवारी जरा मोठा लिहा, दुपारीही वाचीन."