त्या घराला कोणी बोललं असंन

"हॅलो?… हॅलो, वहिनी का?… वनमाला बोलते. अवो वनमाला, मावल्याहून!… हो, तुमची नणंदच. दुसरी कोण?"

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात, घराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरीआड उभं राहून वनमाला बोलत होती. आता फोन काय खाली खोलीत बसून करता येत नाही? पण मनात काळंबेरं असलं की माणसाला आडोसा लागतोच. कॉलेजात शिकवणारी बाई, सभेत उभी राहिली की हातातला माईक काढून घ्यावा लागतो. आणि भीमपूरकडं, स्वतःच्या माहेरी फोन करताना तिनं तीनदा नंबर लावून तीनदा तोडला होता.

"बरी आहे मी… दादा बरा?… वेचणी लागली का कापसाची?… बरं, बरं… वहिनी, आई… आई नीट पोचली ना?… अवो, आता विचारते म्हणजे… कामात होते… नाही हो, भांडण कशाला होईल? काय सांगते ती?… करमत नव्हतं म्हणे?… बरं. ऐका ना, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणाले उशीर नको… काय? येत नाही म्हणते?… एका डोळ्यानं भागतं म्हणते? असं कसं भागेल, वहिनी! समजवा ना तिला… मी? मी नाही समजवू शकत… अशीच. तुम्ही समजवा."

वहिनींनी समजवायचं सोडून भलताच विषय काढला.

"पेपर?… कोणता पेपर?… नागपूरचा? आमच्या सिनेमाचं आलंय?… नाही बाई, मी नाही पाहिला."

खोटं! सकाळी चहाबरोबर तोच वाचला होता आणि चहा तसाच मोरीत ओतला होता. हा फोन त्या पेपरापायीच होता.

त्याचं असं झालं. या दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कॉलेजातलं कोणी आसिफाबादला, कोणी निर्मलला, कोणी मंचेरियालला जाणार होतं. त्याआधी सगळ्यांनी एकदा जमावं म्हणून फिल्म क्लबनं एक परदेशी सिनेमा लावला. अजबच सिनेमा. एक घर रात्री उठतं आणि आतल्या माणसांना अंगणात झोपलेलं टाकून नदीपार चालायला लागतं. आभाळात मासे काय पोहतात, घड्याळं काय रडतात! त्यावर बोलायला नागपूरहून अमृतराव म्हणून समीक्षक आले होते. आणि वनमालानं आईलाही नेलं. बयनाबाई, नऊवारी लुगडं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. घरी एकटी काय करेल, म्हणून नेलं हो. प्रेमानंच नेलं.

"वाचा ना, काय लिहिलंय… हं… हं… तिकडच्या लोकांनी अर्ध्या सिनेमातून उठून शिट्ट्या मारल्या, बरं… आणि बाकीच्यांनी डोक्यावर घेतला… हो, हो… घर का निघून गेलं यावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली… पुढं?… 'पण आदिलाबादला मध्यंतरात एक म्हातारी मोलकरीण…' बस, वहिनी. बस झालं. पुढचं येतं मला… म्हणजे… कळलं."

पुढचं तिला पाठच होतं: विद्वानांना पानंच्या पानं लिहून जे जमलं नाही, ते त्या म्हातारीनं एका वाक्यात सांगितलं. मध्यंतरात चहा चालला होता. कोणी म्हणालं, घर म्हणजे अस्मिता. कोणी म्हणालं, घर म्हणजे स्थलांतर. तेवढ्यात बयनाबाई बशीतला चहा फुंकता फुंकता मोठ्यानं म्हणाल्या, "घर असं उगंच नाई जात. त्याले कोणी काई बोललं असंन." आणि सगळे हसले. अमृतराव तेवढे हसले नाहीत. "या कोण?" असं त्यांनी विचारलं. वनमालाचे कान तापले होते, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "घरी कामाला असतात आमच्या."

आई हाताच्या अंतरावर होती. तिनं बशी खाली ठेवली, बाहेर गेली आणि सिनेमा सुटेपर्यंत चपलांपाशी बसून राहिली. ऑटोत बाहेर तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वनमाला उठून पाहते तर सगळी भांडी घासलेली, फरशी पुसलेली, आणि आई नाही.

"काय हो?… गावात सगळे वाचून राह्यले?… खरं बोलली ती बाई, कोणीही असो, असं म्हणतात?… मी? मी ओळखते का तिला?… वहिनी, आईला नाही विचारलं?… काय म्हणाली?… मी गेलीच नव्हती? डोळ्याले पट्टी होती, घरीच निजली होती?… असं म्हणाली?"

वनमाला पाण्याच्या टाकीला टेकून बसली. गावभर ज्या बाईचं कौतुक चाललं होतं, ती मी नव्हेच म्हणून आई मोकळी झाली होती. कोणासाठी? या पोरीची लाज झाकायला! अशा लेकीच्या दोन थोबाडात द्याव्यात. तीच द्यायला तयार होती, पण स्वतःच्या कशा देणार?

"वहिनी, ऐका… ऐका ना! खोटं बोलून राह्यली ती… ती मोलकरीण नव्हती. माय होती आपली… हो, आपली माय!… पेपरवाल्यानं नाई, मी म्हटलं. मीच सांगितलं त्याइले, कामाला असते म्हणून… हो. तिच्या तोंडावर… बोला, वहिनी, काय बोलायचं ते बोला… आहे ना शरम. झोप नाई लागून राह्यली शरमेनं… दादाले सांगा. सगळ्याइले सांगा… नाई, थांबा. मीच सांगते. स्पीकर लावा… कोण कोण आहे तिथं?… शेजारच्या सोनाबाई? रेणुकाबाई? असू द्या. माय आहे ना?… लावा मग."

शेजारच्या गच्चीवर कॉलेजातल्याच पद्मजा मॅडम कपडे काढायला आल्या. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसलेल्या त्या ह्याच. वनमालानं त्यांना पाहिलं. चादर बाजूला सारून ती उभी राहिली आणि अशी ओरडली की मॅडमच्या हातातला चिमटा खाली पडला.

"माय! ऐकू येऊन राह्यलं का?… पेपरात आहे ते बाई माही माय हाय, बयनाबाई! सोनाबाई, ऐकलं का तुमी? मले लाज वाटली तिची, तिच्या लुगड्याची, तिच्या पट्टीची. म्हणून मी तिले मोलकरीण म्हटलं. त्या पेपरवाल्या अमृतरावाइलेही आज फोन करून हेच सांगते!"

पलीकडं फोन या हातातून त्या हातात गेला.

"माय?… हो, मीच… भांडी? भांडी मीच घासून राह्यली, माय… साबणानं जळले नाई हात… काय?… त्या घराचं?… परत आलं का म्हणते?… मले नाई माहीत, माय. पुढचं मी पाह्यलंच नाई. तुह्या रिकाम्या खुर्चीकडंच पाहून राह्यली होती… काय म्हणली?… कळलं का, कोण बोललं होतं त्याले?… हो, माय, कळलं. मीच बोलली होती."

पलीकडं फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला.

"माय?… हॅलो?… हॅलो, कोण, वहिनी?… गेली? कुठं गेली?… आत?… रडून राह्यली का?… मग काय करून राह्यली?… पिशवी? खुंटीवरची पिशवी काढून राह्यली?… नाई, नाई, वहिनी, अडवा तिले! एकटीनं बसमध्ये नको म्हणा. बसून राहा म्हणा तिले. मी येते न्यायले… हो, आत्ताच. ठेवते."