खाली पडलेले शेंडे

सन्माननीय अध्यक्ष श्री. तोकुजी फुरुया, व्यासपीठावर बसलेले आपल्या द्राक्ष सहकारी संस्थेचे संचालक, आजच्या सत्कारमूर्ती किनुयो मावशी, आणि उद्या पहाटे मांडवाखाली उभं राहायचंय म्हणून हळूच घड्याळ बघणाऱ्या माझ्या बागायतदार बंधुभगिनींनो,

अध्यक्ष माझे सासरे आहेत. त्यामुळे भाषण लांबलं तर ते मला इथेही ऐकवतील आणि घरी गेल्यावरही.

मावशी एक्क्याऐंशीव्या वर्षी फुलोरा-छाटणीच्या वर्गातून निवृत्त होताहेत. यापुढे तो वर्ग मी घ्यायचा आणि त्यांची कात्री आज माझ्या हाती द्यायची, असं संस्थेनं ठरवलंय. माझ्यासाठी हा फार मोठा मान आहे. पण ती हातात घेण्याआधी मला एक गोष्ट सांगायलाच हवी.

या सभागृहात द्राक्षाचा फुलोरा कुणाला शिकवायला हवा का? शेंबडं पोरही सांगेल: वरचे रुंद खांदे, म्हणजे बाजूला फुटलेले झुबके, काढायचे, खालचा अंगठ्याएवढा शेंडा ठेवायचा. शेंड्याच्या कळ्या एकदम उमलतात, म्हणून मणी एकसारखे भरतात. चौदा वर्षांपूर्वी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. योकोहामाच्या एका दुकानात मी भेटवस्तू बांधून देत असे. लग्न होऊन इथे आले आणि त्याच वसंतात बाबा, म्हणजे आपले अध्यक्ष, शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. नवरा दिवसभर त्यांच्यापाशी कोफूच्या इस्पितळात, आणि फुलं उमलायला उरले होते चार दिवस. मावशींनी येऊन मला छाटणी दाखवली. मी "हो हो, कळलं" म्हटलं. या "हो हो"नं आजवर किती बागा बुडवल्या असतील!

मावशी गेल्या, मी मांडवाखाली एकटी उरले आणि फुलोऱ्याकडे नीट बघितलं. खांदे कसे भरदार. शेंडा म्हणजे उंदराची शेपटी. चांगलं ते कापायचं आणि मरतुकडं ते ठेवायचं? म्हटलं, मावशींचं वय झालंय, उलटं बोलून गेल्या असतील. दुपारपर्यंत चार ओळींचे शेंडे मी उडवून टाकले.

मावशी परत आल्या तेव्हा जमिनीवर नुसते शेंडे पडलेले. एक उचलून म्हणाल्या, "अगं बये, माणूस फेकून टोपी ठेवलीस की!" मी रडायला लागले. "रडतेस काय? पाचवी ओळ धर. आणि या खेपेला सरळ धर."

संध्याकाळी त्या थेट इस्पितळात गेल्या. बाबांना म्हणाल्या, "तोकुजी, त्या चार ओळी मी प्रयोगाला घेतल्यात. खांद्यावर घड कसा धरतो ते बघायचंय. सुनेचा काही संबंध नाही."

मी विचारलं, "मावशी, असं का केलंत?"

"तो माझ्यावर चिडला तर मी घरी जाऊन चहात भात कालवून खाईन नि झोपेन. तुझ्यावर चिडला तर तू पहिल्या गाडीनं योकोहामा गाठशील."

त्या ओळींचे वेडेवाकडे घड तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. सगळा माल रसाला गेला. त्यानंतर बाबांनी मावशींना आमच्या मांडवाखाली पाऊल ठेवू दिलं नाही. "ही बाई दुसऱ्याच्या बागेत प्रयोग करते," हे वाक्य या खोऱ्यात कुणी ऐकलं नाही? पुढे दोन वर्षं त्यांच्या वर्गाकडे कुणी फिरकलं नाही. मला बोलता आलं असतं. आधी भीती वाटली, मग गप्प राहायची सवयच झाली. मावशी मात्र दर वसंतात कुंपणापाशी थांबून विचारायच्या, "चिकाको, काय कापलंस?" मी कापलेला खांदा वर धरून दाखवायचे. त्या मान डोलवून पुढे जायच्या.

मावशी, मला खाली बसायच्या खुणा करू नका. तुमचं न ऐकण्याची ही माझी दुसरीच वेळ आहे.

मी इथे टिकले, या मातीत रमले, माझ्या दोन्ही मुली याच मांडवाखाली रांगल्या. हे सगळं मावशींच्या एका खोट्या बोलण्यामुळे. हे उपकार फिटायचे नाहीत. पण दुसऱ्याच्या माथी गेलेली आपली चूक परत घेता येते. ती मी सर्वांसमोर घेते. त्या चार ओळी माझ्या होत्या.

अध्यक्षमहोदय... बाबा. उद्या आपल्या बागेत पहिली फुलं उमलतील. मावशींना बोलवायचं ना?

मान हलली का? मागच्या रांगेला दिसली नाही बाबा, पुन्हा एकदा हलवा.

आता दिसली. बाबा, मी तुमची ऋणी आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. भाषण संपवताना "काही चुकलं असेल तर" म्हणायची आपली रीत आहे. मला "असेल" म्हणता येत नाही. चुकलंय. चार ओळी आणि चौदा वर्षं. मावशी, मला माफ करा.

आणि आता द्या ती कात्री.