कोंड्याला ऊन दाखवलं

ड्रेस्डेनमध्ये भर हिवाळ्यात आईला ऊन कुठे सापडलं, हे सांगितलंय का तुम्हाला?

मी पीएचडी करत होतो, तेव्हा ती आली होती. आल्यापासून एकच तक्रार, "काय रे तुमचा देश, उन्हाचा पत्ता नाही!"

माझा फ्लॅटमेट आंद्रेआस. त्यानं अडगळीच्या खोलीत, मोठ्या दिव्याखाली, चोरून गांजाची झाडं लावलेली. आईला मी ती 'औषधी' आहेत म्हणून सांगितलं होतं. ऐन फुलोऱ्यात त्यांच्यावर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडली. फुलांवर फवारणी करता येईना, म्हणून पठ्ठ्यानं कोळी खाणारे किडे पोस्टानं मागवले. ते आले कोंड्यात. पुडी फ्रीजमध्ये ठेवून हा कामाला गेला.

संध्याकाळी बघतो तर पुडी रिकामी. आंद्रेआस रडायचाच बाकी होता.

"आई, फ्रीजमधला कोंडा कुठाय?"

"अरे, किडे झाले होते त्यात. टाकवेना, म्हणून ताटात पसरून ऊन दाखवलं."

बाहेर बर्फ पडत होता. "कुठलं ऊन?"

"त्या औषधांच्या खोलीत आहे की!"

आम्ही धावलो. ताट बरोबर झाडांच्या बुडाशी, वर दिवा. चटका बसल्यावर किडे ताटाला टेकलेल्या पानांवरून थेट झाडावर चढलेले. आंद्रेआसनं भिंगातून पानाची मागची बाजू पाहिली. तिथे पंगत बसली होती. "या! गेनाऊ!" म्हणजे 'हो, अगदी बरोबर!' म्हणत त्यानं आईचे हातच धरले.

आईचं लक्ष ताटात. "बघ, एक किडा उरला नाही. सांग त्याला, ऊन मात्र झकास आहे हो तुझ्याकडे!"