शेंदराखालचा नंबर

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. दामूअण्णा, तुमचा पखवाजही घटकाभर निजू द्या. अभंग झाला, निरूपण झालं, निम्मी मंडळी पेंगून झाली — आता आख्यान! आख्यान म्हटलं की पेंगणारे कसे टक्क जागे होतात, हे मी तीस वर्षं बघतोय. या, पुढं सरका. मागच्या खांबाला टेकलेले पाव्हणे, तुम्हीसुद्धा! आणि ते वहीत काय उतरवून घेताय?

असो. एक प्रश्न विचारतो. दुसऱ्याचं खोटं निघालं, म्हणजे आपलं खरं ठरतं का?

सांगा की! "नाही महाराज" — हां, तोंडानं म्हणताय! मग शेजारच्याचं पोरगं नापास झालं, त्या दिवशी तुमच्या घरात शिरा का शिजला होता? तुमचं तरी पास झालं होतं काय? हसू नका माई, वास माझ्या बिऱ्हाडापर्यंत आला होता. आणि मी तरी कुठला निराळा! तो वडगावकर बुवा माझी चाल चोरून गातो, हे मी गावोगाव सांगत फिरतोय. चोरतोच तो! पण त्याचं मागाहून बघू. आधी कथा.

ही कथा पुराणातली नव्हे. हिच्यात राक्षस नाहीत. मारुतीराया आहेत, पण ते बसलेत मोटारीच्या बॉनेटखाली!

कोल्हापुरात उद्यमनगरात रंगराव साळोखे नावाचे गृहस्थ राहायचे. फाउंड्रीत लाकडी साचे करण्यात हयात गेलेली. हात असा की केसाचा फरक पडायचा नाही. आता निवृत्त. मिशा शाबूत, गुडघे गेलेले. आणि दारात काय? तर विलायती मोटार! वेलबर्न कंपनीची, हिरवीगार, लांब नाकाची, शर्यतीच्या थाटाची, माणसं फक्त दोन मावणार. तीत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग आडवं व्हायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. उतरताना मात्र हात धरायला माणूस लागायचा.

आणि हुबेहूब तशीच दुसरी कागलात, सर्जेराव मगदुमांच्या दारात! एका संस्थानिकानं आपल्या दोन पोरांत भांडण नको म्हणून एकसारख्या दोन मागवल्या होत्या. पोरं भांडली ती भांडलीच, गाड्या विकायला निघाल्या. रंगराव आणि सर्जेराव एका तालमीतले, एका मातीत लोळलेले. दोघांनी एकाच दिवशी एकेक घेतली आणि एकाच पुड्यातले पेढे वाटले. एक म्हणायचा रंग्या, दुसरा म्हणायचा सर्ज्या. असं रक्ताच्या भावांतही दिसत नाही बघा.

आता जरा नंबराचं ऐका. अशा गाडीला कारखान्यातच दोन नंबर पडतात. एक सांगाड्यावर ठोकलेला, म्हणजे चासीचा. दुसरा इंजिनावर, छोट्या पितळी पट्टीवर. आणि कारखान्यातला कारकून जाडजूड वहीत लिहून ठेवतो — ह्या सांगाड्याला हे इंजिन. लग्नच म्हणा ना! पुढं शंभर वर्षांनी दोन्ही नंबर त्या वहीशी जुळले, तर गाडी अस्सल. नाही जुळले, तर भेसळ! ह्या दोघांनी विलायतेला पत्रं टाकून वहीतला उतारा मागवला. उत्तरं आली. रंगरावांच्या सांगाड्याला इंजिन चारशे सहा. सर्जेरावांच्या सांगाड्याला चारशे एकोणीस. दोघांनी आपापलं पत्र फ्रेम करून देवाशेजारी टांगलं. सांगाड्यावरचा नंबर बघितला, जुळला.

आणि इंजिनाचा? तो नाही बघितला!

का नाही? अहो, दिसेल तर ना! खंडेनवमीला यंत्राची पूजा आपण सगळेच करतो. पण हे पडले तालमीतले गडी, मारुतीचे भक्त. गाडी वाऱ्यासारखी पळते, म्हणजे ती वायुपुत्राचीच, असं दोघांनी ठरवून टाकलं. आणि दरसाल त्या पितळी पट्टीला तेल-शेंदूर! चाळीस वर्षं! वर इंजिनाची धग. भाजून भाजून बोटभर जाडीचं कवच झालं हो. गाडी तपासायला एक साहेब आला होता. बॉनेट उघडलं, आत बघितलं, चप्पल काढली, हात जोडले आणि सही करून गेला.

पुढं काय झालं, तर रंगरावांच्या मुलाला सर्जेरावांची मुलगी केली. हर्षदा तिचं नाव. पॉलिटेक्निक झालेली, हुशार, बोलायला कमी. मित्रांचे व्याही झाले! लग्नाच्या पंगतीत येसबा मिस्त्री बसला होता, ऐंशीच्या घरातला. दोन्ही गाड्या त्याच्याच हाताखालच्या. चौथी जिलेबी संपवली आणि म्हाताऱ्यानं तोंड उघडलं.

"एक सांगू का? गाड्या आल्या त्या साली दोन्ही एकदमच खोलल्या हुत्या. इंजिनं भाईर, सांगाडे मोकळे. बसवताना माझ्या हातनं एका गाडीत दुसरीचं इंजिन बसलं बघा. कुठल्या गाडीत, ते काय आता ध्यानात न्हाई."

असं म्हणून त्यानं पाचवी जिलेबी घेतली. आणि महिन्याभरात तो वर गेला. आता विचारायचं कुणाला?

मंडळी, तुमच्यातल्या काहींच्या डोक्यात आत्ताच उजेड पडलाय, मला इथून दिसतंय. त्यांनी गप्प बसा! त्या दोघांच्या डोक्यात पडायला दोन वर्षं लागली, तुम्हाला कसली घाई?

पंगतीतच सुरू झालं. "सर्ज्या, तुझ्याच गाडीत!" — "माझ्या? तुझं इंजिन चढाला खोकतंय, रंग्या!" — "खोकतंय? भेसळीचं कोण रे?" जिलेबीचं ताट उडालं. वऱ्हाडी लोक मजेत बघत राहिले. रंगराव गरजले, "आपली गाडी भेसळीची आहे हे हा चारचौघांत कबूल करेपर्यंत माझी सून त्या घरचा उंबरा चढणार नाही!" सर्जेराव गरजले, "हा कबूल करेपर्यंत मी ह्याच्या घरचं पाणी पिणार नाही!" आणि हर्षदा मुंडावळ्या बांधून मधे उभी! तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही हो.

दोन दिवाळ्या गेल्या. भाऊबीज गेली. पोरीला माहेर नाही. आणि हे दोघं करतायत काय? दुसऱ्याचा नंबर बघायला माणसं पाठवतायत! रंगरावांनी कागलला एक जण पाठवला, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा म्हणून. त्यानं हळूच बॉनेट उघडून बघितलं, परत येऊन सांगितलं, "शेंदूर हाय." सर्जेरावांनी विमा एजंट पाठवला. त्यानंही जाऊन सांगितलं, "शेंदूरच की!" पण आपल्या दारातली पट्टी खरवडून बघावी, हे एकालाही सुचलं नाही. विचारलं तर म्हणायचे, देव कसा खरवडायचा? देवाचं निमित्त! आत भीती बसली होती, भीती.

अशात हर्षदाला दिवस गेले. सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. कागलात तिच्या आईनं डिंकाचे लाडू वळून ठेवले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. फोनवर माउली काही बोलायची नाही, नुसती रडायची. एके दिवशी जेवताना हर्षदा शांतपणे म्हणाली, "मामंजी, मी दवाखान्यातच नाव घालते. आईला तिकडंच बोलावून घेते, बाबांनाही तसंच कळवलंय. तुमची दोन्ही घरं तुम्हाला लखलाभ."

रंगरावांनी हातातला घास ताटात ठेवला. सुनेवर जीव होता हो त्यांचा! चिडका होता, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी ठरवलं — आता आपला नंबर उघडा करायचा, चारशे सहा! त्याचा फोटो नेऊन सर्ज्याच्या नाकावर धरायचा, म्हणजे तो कबूल करील आणि पोर माहेरी जाईल.

दुपारी शेवंताकाकू, म्हणजे मंडळी त्यांची, आडव्या झाल्या. रंगरावांनी रॉकेल घेतलं, चिंधी घेतली, पटाशी घेतली, मारुतीची माफी मागितली आणि खरवडायला बसले. निघतंय, निघतंय... लाल, मग काळं, मग परत लाल. हात कोपरापर्यंत शेंदरी! शेवटी एक खपली टच्चदिशी उडाली आणि पितळ चमकलं. चार. मग एक! मग नऊ!

चारशे एकोणीस.

भेसळ! आपल्याच दारात! दोन वर्षं ज्याला शिव्या घातल्या, त्याच्यापुढं आता मान खाली घालायची?

आणि मंडळी, इथं कली शिरला बघा. रंगराव साच्यांचे कारागीर! पेटीत कानस होती, नंबर ठोकायचे पंच होते. चार तसाच ठेवायचा. एक आणि नऊ घासायचे, शून्य आणि सहा ठोकायचे. वर परत शेंदूर फासला की कुणाच्या बापाला कळणार नाही! रंगरावांनी कानस उचलली.

"मामंजी, आधी पट्टी कोरडी करा. रॉकेलवर कानस घसरते."

मागं हर्षदा उभी! रंगरावांची कानस खाली पडली. तिनं वाकून पट्टी बघितली.

"चारशे एकोणीस. हा तर बाबांच्या फ्रेममधला नंबर. लहानपणापासून त्या फ्रेमखाली अभ्यास केलाय मी."

"पोरी, कुणाला बोलू नको—"

"मामंजी, मिस्त्रीकाकांकडं त्या दिवशी गाड्या किती होत्या?"

"दोन."

"इंजिनं किती?"

"दोनच की."

"मग बाबांचं इंजिन इथं आलं, तर त्यांच्या गाडीत काय बसवलं असेल? उखळ?"

रंगरावांनी शेंदरी हातानं गाल खाजवला. गालावर शेंदूर, तोंड उघडं.

"एका गाडीत चूक होईलच कशी मामंजी? झाली तर दोन्हीत झाली. तुमचं चारशे सहा बाबांकडं आहे. तुम्ही इथं दुसरं चारशे सहा ठोकलंत, तर जिल्ह्यात दोन होतील. आणि खोटं कुठलं, ते तुम्हाला ठाऊक असेल."

"तुला... तुला हे कधी कळलं?"

"पंगतीत. मिस्त्रीकाकांची पाचवी जिलेबी संपायच्या आत."

"मग बोलली का नाहीस गं?"

"विचारलं कुणी? तुम्ही दोघं ओरडत होता. मला वाटलं, एवढी मोठी माणसं आहेत, उद्या कळेल. मी उद्याची वाट बघत राहिले, मामंजी. दोन वर्षं झाली."

तिचा आवाज इथं पहिल्यांदा कापला. आणि रंगरावांना जी लाज वाटली, ती जन्मात कधी वाटली नव्हती. पंच त्यांनी पेटीत टाकले, पेटी लाथेनं पलंगाखाली सारली. "बस गाडीत," म्हणाले. शेवंताकाकू धडपडत बाहेर आल्या. "अवो, पोटुशी पोर, ह्या खटाऱ्यात? डोकं फिरलंय का तुमचं?" हर्षदा म्हणाली, "जाऊ द्या आत्या, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी बघितल्याशिवाय ह्यांचा विश्वास बसायचा नाही."

गाडी निघाली ती पालखीच्या चालीनं! रस्त्यात खड्डा दिसला की रंगराव थांबायचे, खड्ड्याला नमस्कार करायचे आणि वळसा घालायचे. उसाचे ट्रॅक्टर पुढं गेले. सायकली पुढं गेल्या. एक म्हातारी शेळी घेऊन पुढं गेली.

कागलात पोचले, अंगणात शिरले आणि बघतात तर काय! सर्जेरावांच्या गाडीचं बॉनेट उघडं. सर्जेराव आत वाकलेले. कोपरापर्यंत हात शेंदरी — आणि मुठीत कानस!

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. चार लाल हात.

"किती?" रंगरावांनी विचारलं.

"चारशे सहा." सर्जेरावांचा आवाज बसला होता. "तुझं?"

"चारशे एकोणीस. तुझं ते माझ्याकडं आहे, सर्ज्या."

"आणि तुझं माझ्याकडं."

"घासलंस?"

"न्हाई. हात उचलंना. तू?"

"मला सुनेनं धरलं."

आणि मग रंगराव अंगणाच्या मधोमध गेले, छाती भरून ओरडले, "ऐका हो! माझी गाडी भेसळीची आहे!" सर्जेरावही आले, "माझीबी! माझीबी हाय!" शेजारची बाई गच्चीवर पापड वाळत घालत होती. ती खाली बघून म्हणाली, "मग आम्ही काय करू?"

बघा! दोन वर्षं ज्या अब्रूसाठी पोर झुरवली, तिची किंमत गावाला एवढीच होती.

सर्जेराव म्हणाले, "मिस्त्री बघून अदलाबदल करून घेऊ." रंगराव म्हणाले, "राहू दे रे. चाळीस वर्षं तुझं माझ्या दारात चालतंय, कधी अडलं नाही. आता तुझी लेकसुद्धा माझ्या घरात—"

"मामंजी!" हर्षदा कडाडली. "मला इंजिनाच्या रांगेत बसवायचं नाही! मी आत चालले. तुम्ही दोघं आधी हात धुवा, मग उंबऱ्यात पाय."

दारात आई उभी होती. तिनं लेकीला मिठीत घेतलं, आणि मंडळी, इथं मी काही बोलत नाही. ज्यांच्या लेकी सासरी आहेत, त्यांनी आपलं आपण समजून घ्यावं. मागं नळावर दोन म्हातारे एकमेकांचे हात चोळत होते, शेंदूर काही सुटत नव्हता.

तर प्रश्न काय होता? दुसऱ्याचं खोटं निघालं, म्हणजे आपलं खरं ठरतं का? अहो, त्याची चूक जिथं निघते, तिथंच आपलीही बसलेली असते! पण आपल्या पट्टीवर आपण शेंदूर फासतो, वर हात जोडतो आणि शेजाऱ्याची पट्टी चष्म्याशिवाय वाचतो. काय दादा, भावाशी बोलणं बंद आहे ना बांधावरून? माई, जाऊबाईचं काय? मधे कुणाची हर्षदा उभी आहे, बघितलंय का कधी?

खाली बघू नका. मीच आधी खरवडतो. वडगावकर बुवा माझी चाल चोरतो, म्हणालो ना? ती चाल मला कुठं मिळाली, ते ऐका. वीस वर्षांमागं त्याच्याच गुरूंच्या कीर्तनात मी बसलो होतो. तिथं मागच्या खांबाला टेकून, वही घेऊन.

आज निघाला शेंदूर. उद्या सकाळी वडगावला जातो आणि बुवांचे पाय धरतो. ज्याला ज्याच्या दारात जायचंय, त्यानं उद्याची वाट बघायला लावू नये कुणाला.

दामूअण्णा, घ्या पखवाज. खांबाजवळचे पाव्हणे, लाजू नका, वही उघडा. चाल तीच, पण आज तिच्या धन्याचं नाव घेऊन म्हणू. हात वर करा मंडळी — जसे असतील तसे, लाल असले तरी चालतील!