ब तुकडीला सांगायचं नव्हतं

बसा ना मॅडम, उभ्या का — ती नको, ती खुर्ची डगमगते, ही घ्या. दुसऱ्या चाचणीचे पेपर ना? बांधूनच ठेवलेत. अ तुकडीचे एकोणचाळीस, ब चे अडतीस. हो, एक कमी आहे. सांगतो ना, घाई आहे का तुम्हाला?

तुमचं संशोधन मला पटलं होतं हं, खोटं कशाला बोलू — अ तुकडीला तुमचे आकाशाचे धडे, ते चेंडू, ती बॅटरी, सगळं. आणि ब तुकडीपुढे दुसरी चाचणी होईपर्यंत आकाशाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. का, तर फरक स्वच्छ दिसावा. तुम्हीच लिहून दिलंत, खाली सही केलीत. मी पाळलं. ब मधल्या पोरांनी काही विचारलं की मी आपला अपूर्णांकांवर घसरायचो — पोरं हसायची.

आणि मग ते सूर्यग्रहण आलं, नेमकं मधल्या सुट्टीत. अ तुकडीला तुमचे चष्मे होते, नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही हे चार-चारदा घोकून घेतलेलं. आणि ब? तीही त्याच मैदानावर होती ना मॅडम. आमच्याकडे मैदानं काही दोन नाहीत.

पहिल्या बाकावरची ती दोन वेण्यांची मुलगी — पहिल्या चाचणीला तुम्हाला प्रश्न विचारून भंडावलं होतं ना, तीच — ती बघत राहिली. दुखत नाही म्हणे, तिथंच फसायला होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, सर, फळ्यावर मधोमध काहीतरी सांडलंय. मी फळा पुसला. दोनदा पुसला. डॉक्टर म्हणतात दोन्ही डोळे, आणि भरून येईल की नाही ते सांगता येत नाही.

तुम्ही का पांढऱ्या पडलात? तुम्ही कुठं होतात तिथं. मी होतो — म्हणजे ती आलीच होती माझ्याकडे, बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "सर, वर बघितलं तर चालतं का?" आणि मी म्हणालो, "चाचणी झाली की सांगतो." एवढंच म्हणालो. रात्र-रात्र डोळा लागत नाही माझा. हे हेडसरांनासुद्धा माहीत नाही, तुमच्यापाशी कसं निघून गेलं कोण जाणे.

असो. तिचे वडील आत ऑफिसात बसलेत, सकाळपासून. तुमच्या सहीचा कागद मीच दिलाय त्यांच्या हातात. तुम्ही आलात की आधी आत पाठवा म्हणालेत. — पेपर राहू द्या इथंच. आणि मघाशी मी काही बोललेलो नाही, त्या कागदावर माझं नाव कुठंही नाही. जा, वाट बघतायत ते.