पहिल्यांदा आलेला जावई

पडेगावच्या बससाठी तनुजा रांगेत उभी होती. नोकरीसाठी या शहरात येऊन तिला आठवडाच झाला होता, अन् रात्रीचं जेवण रोज बाहेरच. तिच्या पुढं एक फेटेवाले मामा पुण्याच्या नव्या जावयाला घेऊन उभे होते.

"मामा, तुमच्या शहरात जेवायला खास असं काय मिळतं?" जावयानं विचारलं.

"काय मिळतं? जावईबापू, नान खलिया खाल्लाय का कधी? शहागंजला जायचं. भट्टीतून पिवळीधमक नान निघती, अन् संगं मटणाचा झणझणीत खलिया. तुमच्या पुण्यात नाय मिळायचा."

"आणि मटण नको असेल तर?"

"तर दौलताबाद रोडचा ढाबा. बाजरीची भाकर अन् शेवग्याची हंडी. येताना गुलमंडीला गरम इमरती. लई लांबून येतात लोक!"

"वा! मग आज कुठे बसायचं?"

"घरी."

"घरी?"

"पहिल्यांदा आलेला जावई हाटेलात जेवतो व्हय? तुमच्या सासूबाई सकाळपासून पुरणाच्या मागं लागल्यात."

"निदान उद्या?"

"उद्या धाकट्या चुलत्याकडं. परवा थोरल्याकडं. तेरवा तुमची गाडी."

तनुजाला राहवलं नाही.

"काका, ती नान शहागंजला नक्की कुठं मिळते?"

"घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उतर, पोरी. पुढं वासच घेऊन जाईल."

तनुजा रांगेतून बाहेर पडली. जावई तिच्याकडं बघतच राहिला.

"बघता काय, जावईबापू? ती तिथं जेवली तर माझ्या गावाचं नाव होईल. तुम्ही जेवलात तर माझं जाईल."